बियाण्याचें धान्य

विद्या देणारा नेहमींच निर्दोष असतो, अशी एक समजूत आपल्या लोकांत खोल रुजलेली आहे. शिष्यानें विद्येचा दुरुपयोग केला तर दोष शिष्याचा, सदुपयोग केला तर मान गुरूचा, असा हा सोयीचा हिशेब आहे. कुंभारानें मडकें घडवावें, त्यांत पाणी भरावें कीं विष हें घेणारानें पाहावें, असा दृष्टांतही त्याच्या जोडीस देण्यांत येतो. आम्हांसही पुष्कळ दिवस हें म्हणणें पटत असे. परंतु दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन वायुदलाच्या विमानशाळांचा इतिहास वाचूं लागल्यापासून या समजुतीविषयीं आमच्या मनांत संशय उत्पन्न झाला आहे. गुरूनें विद्या कोणाच्या हातीं व कशासाठीं दिली, हा एक प्रश्न. आणि गुरूला पुरतें शिकवूं न देतां शिष्यास रणांत लोटणारे वडीलधारे कोणत्या पापाचे धनी होतात, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांचा विचार आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

इतिहास थोडक्यांत असा. 1919 सालच्या व्हर्सायच्या तहानें जर्मनीस लष्करी वायुदल ठेवण्याची बंदी झाली. परंतु इंजिनावांचून हवेंत तरंगणाऱ्या ग्लायडर-विमानांस ती बंदी लागू नव्हती. ऱ्होन पर्वतांतील वासरकुप्पे नांवाच्या बोडक्या माथ्यावर 1920 पासून हौशी तरुणांचे मेळावे भरूं लागले. दोरीनें ओढून विमान वाऱ्यावर सोडावें, घटकाभर पक्ष्यासारखें विहरावें आणि उतारावर येऊन टेकावें, एवढाच तो खेळ. पण पराभूत राष्ट्राच्या मुलांस त्यांत केवढी धन्यता वाटली असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. पुढें सोव्हिएट रशियाशीं गुप्त संधान बांधून लिपेट्स्क या रशियन गांवीं 1925 सालीं एक विमानशाळा काढण्यांत आली. ती 1933 पर्यंत चालली, आणि तेथून सुमारें 120 लढाऊ वैमानिक तयार होऊन बाहेर पडले. स्वदेशांत नागरी वैमानिकांच्या शाळेच्या बुरख्याआड लष्करी शिक्षण चालूच होतें. 1933 सालीं हिटलर सत्तारूढ झाला, आणि 1935 सालीं गोअरिंगच्या अधिपत्याखालील नवें वायुदल उघडपणें जगापुढें आलें. दोनच वर्षांनीं, 26 एप्रिल 1937 रोजीं, स्पेनमधील गेर्निका गांव जर्मन व इटालियन विमानांनीं बेचिराख केलें. लिपेट्स्कच्या भूमीनें ज्या विद्येस गुप्तपणें आश्रय दिला, तीच विद्या 22 जून 1941 रोजीं रशियावर आकाशांतून कोसळली.

आतां वासरकुप्पेच्या माथ्यावर वाऱ्याची दिशा ओळखण्यास शिकविणाऱ्या शिक्षकास गेर्निकाचा अपराधी म्हणावें काय? आमच्या मतें, तसें म्हणणें अन्यायाचें होईल. 1920 सालीं 1937 साल कोणास दिसत नव्हतें. पण लिपेट्स्कच्या शिक्षकाची गोष्ट निराळी आहे. आपण काय शिकवीत आहों हें त्यास ठाऊक होतें. तें लपवून ठेवावें लागतें हेंही ठाऊक होतें. आणि जें काम चोरून करावें लागतें त्याचें फळ उजेडांत कसें दिसेल, हा विचार त्याच्या मनास एकदांही शिवला नसेल, असें मानणें कठीण आहे. 1935 नंतर तर पडदाही उरला नाहीं. म्हणजे जो खेळ होता त्याची कसरत झाली, कसरतीची कवाईत झाली, आणि कवाईतीचें युद्ध झालें. यांतील एकही पायरी इतकी उंच नव्हती कीं तेथें पाय अडखळावा. मनुष्य पापांत एका उडीनें क्वचितच शिरतो. बहुधा तो जिना उतरूनच जातो, आणि प्रत्येक पायरीवर आपण कालच्याहून फारसे निराळे नाहीं, असें स्वतःस सांगत असतो.

या वायुदलाच्या शाळांची रचना मात्र मोठ्या कसोशीची होती, हें मान्य केलें पाहिजे. प्राथमिक शाळेंत हलक्या, दुपंखी विमानांवर हात बसवावयाचा. त्यांतून निवडलेल्यांनीं पुढील शाळेंत अनेक इंजिनांचीं विमानें चालविण्यास शिकावयाचें. नंतर ढगांत व अंधारांत केवळ यंत्रांच्या कांट्यांवर भरंवसा ठेवून उडण्याचें शिक्षण देणाऱ्या खास शाळेंत जावयाचें. आणि अखेरीस आघाडीवरून आलेल्या अनुभवी वैमानिकांच्या हाताखालीं युद्धाचे डावपेंच शिकावयाचे. बाँबफेकी विमानाचा चालक असा तयार होण्यास दीड-दोन वर्षें सहज लागत. शिवाय 'लेअरगेश्वाडर', म्हणजे अध्यापन-पथक, या नांवाचीं पथकेंही उभारण्यांत आलीं होतीं. नवीं विमानें व नव्या युक्त्या अजमावून पाहाव्या आणि इतर पथकांस त्यांचा धडा द्यावा, हा त्यांचा मूळ हेतु. परंतु 1939 च्या सप्टेंबरांत पोलंडवर स्वारी झाली तेव्हां हीं पथकें इतरांप्रमाणेंच रणांत उतरलीं, आणि त्यांतील पहिलें पथक पुढें इंग्लंडवर व भूमध्य समुद्रावर युद्धाच्या अखेरपर्यंत लढत राहिलें. नांव अध्यापनाचें आणि काम संहाराचें, अशी ही विसंगति आहे. तिच्यांत पुढील सगळ्या अनर्थाचें बीज आहे, असें आम्हांस वाटतें.

कारण ज्या राज्यकर्त्यांस शिकविणें म्हणजे लढण्याचाच एक प्रकार वाटतो, त्यांस अडचणीच्या वेळीं शाळेकडे हात घालण्यास संकोच वाटत नाहीं. अनेक इंजिनांच्या व अंध-उड्डाणाच्या शाळांत युंकर्स 52 हें तीन इंजिनांचें विमान शिकविण्यासाठीं वापरीत. आणि सैन्य, छत्रीधारी शिपाई व दारूगोळा वाहून नेण्यासही तेंच विमान लागे. 1940 च्या एप्रिलांत नॉर्वेवर चाल झाली तेव्हां शाळांतील हीं विमानें त्यांच्या शिक्षकांसह मागविण्यांत आलीं. पुढच्याच महिन्यांत हॉलंडवर चाल झाली, आणि तेथें थोड्या दिवसांत या जातीचीं दोनशेंहून अधिक विमानें कामांतून गेलीं. 1941 च्या मे महिन्यांत क्रीट बेटावर पुन्हां तोच प्रकार घडला. प्रत्येक वेळीं 'एवढी मोहीम होऊं द्या, मग शाळा पूर्ववत् भरवूं' असें आश्वासन असे. प्रत्येक वेळीं मोहीम होई. परंतु परत येणाऱ्या शिक्षकांची संख्या मात्र गेलेल्यांपेक्षां कमी असे.

1942 च्या आरंभीं रशियांत डेम्यान्स्क येथें सुमारें एक लाख जर्मन सैन्य वेढ्यांत सांपडलें. त्यास कित्येक महिने विमानांनीं अन्नदारूगोळा पुरवून जगविण्यांत आलें. हें यश अखेरीस अपयशाहून घातक ठरलें. कारण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत स्टालिनग्राड येथें दोन लाखांहून कितीतरी अधिक सैन्य कोंडलें गेलें, तेव्हां हाच उपाय पुन्हां करूं, असा अहंकार वरिष्ठांस झाला. सैन्य जेमतेम जगविण्यास रोज निदान 300 टन सामग्री हवी होती. प्रत्यक्षांत सरासरी सव्वाशें टनही पोंचेना. शाळा पुन्हां रिकाम्या करण्यांत आल्या. शिकविण्यापलीकडे ज्यांचा फारसा उपयोग उरला नव्हता अशीं जुनीं विमानें, आणि शिकविणें हाच ज्यांचा धर्म होता असे शिक्षक, हिमवादळांत झोंकून देण्यांत आले. 2 फेब्रुवारी 1943 रोजीं तें सैन्य शरण गेलें, तोंपर्यंत सुमारें 490 विमानें व सुमारें एक हजार वैमानिक नष्ट झाले होते. अंधारांत व ढगांत वाट कशी काढावी हें पुढील पिढीस शिकविण्याची ज्यांची पात्रता होती, असे कितीतरी लोक त्या हजारांत होते. वायुदलाच्या सेनापतिमंडळाचा प्रमुख येशोनेक यानें आघाडीच्या गरजेपुढें शिक्षणाची गरज नेहमींच दुय्यम मानली होती. 1943 च्या ऑगस्टमध्यें त्यानें स्वतःच्या हातानें जीवयात्रा संपविली.

याचा परिणाम आंकड्यांत सांगतां येतो. युद्धाच्या पहिल्या तीन वर्षांत जर्मन वैमानिकास रणांत धाडण्यापूर्वीं सुमारें 240 तास उड्डाण घडे. 1943 च्या मध्यापर्यंत तें सुमारें 200 तासांवर आलें, आणि 1944 च्या उत्तरार्धांत 110 तासांच्या आसपास उतरलें. त्याच वेळीं ब्रिटिश वैमानिकास सुमारें 340 व अमेरिकन वैमानिकास सुमारें 360 तासांची शिदोरी मिळत असे. मे 1944 पासून कृत्रिम तेलाच्या कारखान्यांवर अमेरिकन विमानांनीं हल्ले सुरू केले, तेव्हां शाळांस पेट्रोल मिळेनासें झालें. प्रतिपक्षाची रीत नेमकी उलट होती. 17 डिसेंबर 1939 रोजीं, म्हणजे युद्ध जेमतेम सुरू झालें असतां, ब्रिटिश साम्राज्यांतील देशांनीं कॅनडांत वैमानिक शिकविण्याचा करार केला, आणि त्या योजनेखालीं 1,30,000 हून अधिक माणसें तयार झालीं. ठराविक फेऱ्या पुऱ्या करणारा ब्रिटिश किंवा अमेरिकन वैमानिक आघाडीवरून परत येई, आणि त्यांतील पुष्कळ जण शिक्षक होत. जर्मन वैमानिकास अशी मुदतच नव्हती. तो मरेपर्यंत किंवा लुळापांगळा होईपर्यंत उडत राही. आणि त्यानें मिळविलेलें ज्ञान बहुधा त्याच्याबरोबरच जळून जाई.

शेतकऱ्याच्या घरीं दुष्काळांत कणगीच्या तळाशीं बियाण्याचें धान्य उरतें. पोरें भुकेनें रडत असतात, तरी घरची शहाणी बाई त्या धान्यास हात लावूं देत नाहीं. तें दळून खाल्लें तर आजची भूक भागेल, पण उद्यांचें शेतच उरणार नाहीं, हें तिला ठाऊक असतें. जर्मन वायुदलानें दर वर्षीं बियाण्याचें धान्य दळलें, आणि दर वर्षीं ही शेवटचीच वेळ आहे असें म्हटलें.

परंतु एवढ्यानें ही गोष्ट व्यवहारांतील चुकीची झाली, नीतीची झाली नाहीं, असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें असें कीं धान्याचा दृष्टांत येथें अपुरा पडतो. कारण येथें दळलें गेलें तें धान्य नव्हतें, माणसें होतीं. या ठिकाणीं आम्हांस अभिमन्यूचें आख्यान आठवतें. चक्रव्यूहांत शिरण्याची विद्या त्यास अवगत होती, बाहेर पडण्याची नव्हती; आणि हें त्यानें लपविलें नव्हतें, धर्मराजापुढें स्पष्ट सांगितलें होतें. तरीही अडचण मोठी होती, अर्जुन दूर होता, म्हणून सोळा वर्षांच्या पोरास पुढें करण्यांत आलें. 'तूं वाट फोड, आम्ही तुझ्या पाठोपाठ येतों' हें आश्वासन खोटें नव्हतें, पण तें पाळतां आलें नाहीं. 1944 सालीं ज्या पोरांस शंभर-सव्वाशें तासांच्या तयारीवर ढगांत सोडण्यांत आलें, त्यांसही वर जाण्याची विद्या आली होती, खालीं येण्याची पुरती आली नव्हती. कित्येक तर शत्रूची गांठ पडण्यापूर्वींच धुक्यांत व उतरतांना अपघातांत मेले. मात्र एक भेद आहे. धर्मराजानें तो दोष आपल्या माथीं घेऊन शोक केला. या पोरांच्या वडीलधाऱ्यांनीं 1944 च्या अखेरीस हाइन्केलचें एक नवें जेट विमान घाईनें बांधविलें, आणि ग्लायडरवर शिकलेल्या हिटलर-युवक संघटनेच्या मुलांस त्यांत बसविण्याचा बेत केला. मुरलेल्या वैमानिकांस जें आटोपणें कठीण जात होतें, तें विमान या मुलांनीं आटोपावें! वासरकुप्पेच्या माथ्यावर जो निष्पाप खेळ सुरू झाला होता, त्याची पंचवीस वर्षांनीं ही परिणति झाली.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा: तीं मुलें एका आसुरी सत्तेचीं शस्त्रें होतीं, तीं नीट शिकलीं असतीं तर युद्ध लांबलें असतें, छळछावण्यांच्या भट्ट्या आणखी कांहीं काळ पेटत राहिल्या असत्या. मग त्यांच्या अर्धवट शिक्षणाबद्दल हळहळ कशाला? आम्ही स्पष्ट सांगतों कीं तीं नीट शिकावयास हवीं होतीं, असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. त्या सत्तेचा नाश झाला यांत मानवजातीचें कल्याण झालें. परंतु ज्या अन्यायाचा जगास फायदा झाला, तो अन्याय उरत नाहीं, हें तर्कशास्त्र आम्हांस मान्य नाहीं. चोराच्या घरांत बापानें मुलास उपाशी मारलें, आणि त्यामुळें गांवांतील एक चोर कमी झाला, म्हणून बाप निर्दोष ठरत नाहीं. त्या मुलांकडून जगाचा जो अपराध झाला तो एक. त्या मुलांचा त्यांच्या वडिलांनीं केलेला अपराध दुसरा. दोन्ही खात्यांवर निरनिराळी नोंद झाली पाहिजे.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. ज्यांनीं आपल्या मुलांस काळजीपूर्वक शिकविलें, त्यांनीं तरी त्या शिक्षणाचें काय केलें? जुलै 1943 च्या अखेरीस हँबुर्ग शहरावर आग ओतण्यांत आली, आणि तीस हजारांहून अधिक माणसें, त्यांत बायकामुलें, भाजून व गुदमरून मेलीं. तीं विमानें अर्धशिक्षितांनीं चालविलेलीं नव्हतीं. शिष्याची उत्तम काळजी घेतल्यानें साध्य आपोआप पवित्र होतें असें नाहीं, हें आम्ही कबूल करतों. किंबहुना हाच आमच्या विवेचनाचा मुद्दा आहे. गुरूस दोन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात: 'कशासाठीं शिकविलेंस?' आणि 'पुरतें शिकविलेंस काय?' पहिल्याचें उत्तर चांगलें आल्यानें दुसरा माफ होत नाहीं, आणि दुसऱ्याचें चांगलें आल्यानें पहिला सुटत नाहीं.

आतां 1944 सालच्या एखाद्या जर्मन विमानशाळेंतील प्रामाणिक शिक्षकाची स्थिति मनांत आणून पाहा. समोर अठरा वर्षांचा मुलगा उभा आहे. तो तयार नाहीं, हें शिक्षकास दिसतें. प्रमाणपत्रावर सही केली तर मुलगा बहुधा मरेल. सही नाकारली तर दुसरा कोणी करील, आणि शिक्षक स्वतः आघाडीवर जाईल. त्यानें जीव ओतून शिकविलें, तर तो मुलास वांचवितो खरा, पण एका दुष्ट राज्याचें आयुष्य वाढवितो. हात राखून शिकविलें, तर राज्यास दगा देतो खरा, पण त्याची किंमत त्या विश्वासानें पाहणाऱ्या मुलाकडून वसूल करतो. काय करावें त्यानें? आम्हीं या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला, आणि आम्हांस निर्मळ उत्तर सांपडलें नाहीं. सांपडत नाहीं, हेंच बहुधा खरें उत्तर असावें. कांहीं घरें अशीं असतात कीं त्यांत शिरल्यावर चांगुलपणानें वागण्याची वाटच उरत नाहीं. जो कांहीं विवेक करावयाचा तो उंबरठ्याच्या अलीकडे असतांना करावा लागतो. द्रोणाचार्यांसारख्या विद्वानासही कौरवांचें मीठ खाल्ल्यावर ती वाट उरली नाहीं. ज्या चक्रव्यूहांत त्यांच्या लाडक्या शिष्याचा पुत्र मारला गेला, तो त्यांनींच रचिलेला होता.

हें सर्व झालें सातासमुद्रांपलीकडचें आणि आठ दशकांपूर्वींचें. पण त्याचा आमच्या घरांशीं मुळींच संबंध नाहीं, असें आम्हांस वाटत नाहीं. मुलाचें शिकणें पुरें होण्यापूर्वीं त्याच्या हातीं प्रमाणपत्र पडावें, ही घाई आम्हां सुशिक्षित कुटुंबांत कमी आहे काय? शाळेंतील चांगल्या शिक्षकास शिकविण्यापासून काढून दुसऱ्याच कामास जुंपण्यांत आलें, तर 'काम निकडीचें आहे' एवढें कारण आम्हांस पुरतें कीं नाहीं? निकड नेहमींच खरी असते. स्टालिनग्राड येथें अडकलेले लोकही खरेच उपाशी होते. निकड खोटी असती तर हा प्रश्न नीतीचा झालाच नसता. आजची खरी निकड आणि उद्यांचें न दिसणारें ऋण यांत निवड करावयाची वेळ येते, तेव्हांच मनुष्याची किंवा राष्ट्राची परीक्षा होते. कारण आजची गरज आपल्या तोंडानें ओरडते, आणि उद्यांच्या पिढीस अद्याप तोंडच फुटलेलें नसतें. तिच्या वतीनें बोलणारा समाजांत एकच असतो, तो म्हणजे शिक्षक. त्यास गप्प करणारें राज्य पुढील पिढीची जीभ कापतें.

तेव्हां कुंभाराचा तो दृष्टांत आम्ही आतां सोडून दिला आहे. मडक्यास मरण नसतें, आणि मडकें कुंभारावर विश्वासही ठेवीत नाहीं. शिष्य ठेवतो. त्या विश्वासामुळेंच विद्यादान हा केवळ व्यवहार राहत नाहीं. आणि त्या विश्वासाच्या बळावरच गुरूला, पालकाला आणि राज्यकर्त्याला उद्यां कोणी तरी विचारणार आहे, 'मला कोठें पाठविलेंत, आणि परत येण्याची वाट मला शिकविली होतीत काय?'